ॲथलेटिक्स आजवर फक्त बघत आलो, कॉलेजात पहिल्यांदा स्पर्धेत उतरता येईल का?

प्रश्न असा आहे: "डायमंड लीगसारख्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांपासून विद्यापीठाच्या स्पर्धांपर्यंत ॲथलेटिक्स बघायचं वेड आहे. स्वतः कधी स्पर्धेत धावलो नाही. आता एफ.वाय.ला आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरलो तर हसं होईल का? सुरुवात कुठून करू?"

उतरा. हसं होत नाही. हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, शेवटून दुसरा आलेल्या मुलाकडे बघायला कुणाला वेळच नसतो, कारण तोवर पुढची हीट लेनमध्ये उभी असते आणि जो तो आपल्या कॉलेजच्या पोरांची नावं शोधत असतो. मीही गॅलरीतलाच माणूस आहे, म्हणून पदक कसं मिळवायचं हे सांगणार नाही. बघणाऱ्याच्या डोळ्याला काय बरोबर दिसतं आणि काय साफ चुकीचं, ते मात्र नीट सांगता येईल. पहिल्यांदा उतरणारा चाहता बहुतेक वेळा तिथेच फसतो.

सगळ्यात मोठा भ्रम म्हणजे "शेवटचा जोर". ४०० मीटरच्या शेवटच्या सरळ पट्ट्यात एक जण सपासप पुढे येतो आणि गॅलरी ओरडते, "काय सुटलाय बघ!" प्रत्यक्षात कुणीच सुटलेलं नसतं. त्या टप्प्यावर आठही जण मंदावत असतात, जिंकणारा सगळ्यात कमी मंदावतो. १०० मीटरलाही तेच होतं. चांगल्या धावपटूचा सर्वाधिक वेग साधारण ५० ते ७० मीटरच्या दरम्यान येतो, नवख्याचा त्याच्याही आधी, आणि पुढचं सगळं अंतर वेग टिकवण्यात जातं. ८०० मीटरचा विश्वविक्रम घ्या. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये डेव्हिड रुडिशाने १:४०.९१ वेळ दिली, तेव्हा त्याची पहिली फेरी ४९.२८ सेकंदांची होती आणि दुसरी ५१.६३. म्हणजे त्याचीही दुसरी फेरी दोन सेकंदांहून जास्त हळू होती.

हे कळलं की डावपेच बदलतो. ८०० मीटर २:१० मध्ये काढायचे असतील तर पहिली फेरी ६४ ची आणि दुसरी ६६ ची ठेवा. नवखा मुलगा पहिली फेरी ५८ मध्ये मारतो, ५०० मीटरवर त्याचे खांदे कानापाशी येतात, आणि २:२० च्या पुढे जाऊन तो संपतो. उलट "आधी राखून ठेवतो, शेवटी जोर मारतो" असं ठरवणारा पहिली फेरी ७२ मध्ये काढतो आणि शेवटी राखलेलं काही सापडतच नाही. सरावात २००-२०० मीटरचे तुकडे घड्याळावर धावून ३२ सेकंदांचा वेग पायांना कळला पाहिजे. सहा वेळा २०० मीटर, मध्ये दोन मिनिटं चालणं, आठवड्यातून एकदा. तीन-चार आठवड्यांत घड्याळ न बघता तुम्ही ३१ ते ३३ च्या मध्ये येऊ लागलात की स्पर्धेला उभं राहायला हरकत नाही.

आता घड्याळाबद्दल, कारण इथे चाहते स्वतःला फार फसवतात. मित्राने मोबाइलवर १०० मीटर १२.१ लावले म्हणून तुम्ही १२.१ चे धावपटू होत नाही. वेळ घेणारा शेवटच्या रेषेवर उभा असतो आणि सुरुवात १०० मीटर लांब. आवाज तिथवर पोचायला जवळपास ०.३ सेकंद जातात. म्हणून पंच बंदुकीच्या आवाजावर घड्याळ चालू करत नाहीत, धूर किंवा ठिणगी दिसली की करतात. सरावात लाकडी क्लॅपर वापरत असाल तर हात डोक्यावर धरा आणि फळ्या मिटताना दिसल्या की बटण दाबायला सांगा. थांबवताना छाती रेषेवर आली की थांबवायचं, डोकं किंवा हात नव्हे. हातघड्याळाची (म्हणजे हाताने बटण दाबून घेतलेली) वेळ नेहमी वरच्या दशांशावर नेतात, म्हणजे १२.१३ चे १२.२ होतात. विद्युत वेळेशी, म्हणजे यंत्राने आपोआप घेतलेल्या वेळेशी, तुलना करायची तर १०० आणि २०० मीटरला त्यात आणखी ०.२४ मिळवा, ४०० ला ०.१४. झाले १२.४४. मागच्या वर्षीचा निकाल क्रीडा विभागाकडून मिळवा, त्यात वेळ हातघड्याळाची आहे की विद्युत ते बघा, आणि मगच आपण कुठे बसतो ते ठरवा.

१०० मीटरला नाव देण्याआधी दोनदा विचार करा, असं माझं मत आहे. तिथे गर्दी सगळ्यात जास्त असते आणि शाळेपासून स्पाईक्स (खिळ्यांचे बूट) घालून धावणारी मुलं असतात. उशिरा सुरुवात करणाऱ्याला खरी संधी कमी गर्दीच्या प्रकारांत आहे: ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्यावरच्या उड्या असलेली लांब शर्यत), अडथळ्यांच्या शर्यती, तिहेरी उडी, हातोडाफेक, चालण्याची शर्यत. त्या सोप्या आहेत म्हणून गर्दी कमी असते असं नाही. त्या शिकाव्या लागतात, आणि शिकायला वर्ष द्यायची तयारी फार थोड्यांची असते. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसकडे वळला तो सैन्यात भरती झाल्यानंतर, क्रॉसकंट्रीतून. पुढे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्य आणि २०२३ च्या हांगझोउ एशियाडमध्ये सुवर्ण मिळवलं.

स्टीपलचेस जरा जवळून बघू. ३००० मीटरमध्ये २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याची उडी. अडथळ्याची उंची मुलांसाठी ९१.४ सेंटीमीटर, मुलींसाठी ७६.२. हा लाकडी बार ११० मीटर शर्यतीतल्या हर्डलसारखा पडत नाही. पाय अडकला तर तुम्ही पडता, तो जागचा हलत नाही. नवख्याची चूक ठरलेली असते: बार जवळ आला की घाबरून चार-पाच बारीक पावलं टाकायची, वेग मारायचा आणि जवळजवळ उभ्यानेच चढायचं. असं ३५ वेळा झालं की शर्यत संपली. उपाय म्हणजे १५ मीटर आधीच नजर बारवर ठेवून पावलं थोडी लांब किंवा आखूड करत न्यायची, आणि डाव्या-उजव्या कोणत्याही पायाने उडी घेता येईल असा सराव करायचा. शर्यतीत गर्दीतून येताना आपला सवयीचाच पाय पुढे येईल याची खात्री नसते. पाण्याच्या उडीला बारवर तळवा टेकवून पुढच्या दिशेने ढकलायचं, वर उडायचं नाही. एक पाय पाण्याच्या उथळ टोकाला पडावा आणि दुसरा थेट ट्रॅकवर. दोन्ही पाय पाण्यात गेले तर बूट जड होतात. पाण्याचा खड्डा सरावाला मिळाला नाही तर गवतावर बार ठेवून पलीकडे ३.६६ मीटरवर चुन्याची रेघ मारा, खड्ड्याची लांबी तेवढीच असते.

तिहेरी उडीत एक धोका गॅलरीतून दिसतच नाही. उडी घ्यायच्या फळीपासून वाळूचा खड्डा किती लांब आहे हे स्पर्धेगणिक बदलतं, मुलांसाठी कुठे ११ मीटर, कुठे १३. तुमची उडी ११.५ मीटरची आणि फळी १३ वर असेल तर तिसरी उडी कडक धावपट्टीवर पडेल आणि टाच किंवा घोटा जाईल. नाव देण्याआधी फळीचं अंतर विचारा.

११० मीटर अडथळ्यांत पहिला अडथळा १३.७२ मीटरवर, मग दर ९.१४ मीटरवर एक, असे दहा. मधे तीनच पावलं बसली पाहिजेत, आणि उंची १०६.७ सेंटीमीटर. पहिल्याच दिवशी पूर्ण उंचीला भिडू नका. ७६ सेंटीमीटर उंची आणि ८ मीटर अंतर ठेवून तीन पावलांचा ताल बसवा, मग आधी अंतर वाढवा, उंची नंतर. उलटं केलं की चार पावलं पडतात, दर अडथळ्याला पाय बदलतो आणि ती सवय सुटत नाही.

फेकीत शाळेतून आलेल्यांना धक्का बसतो तो वजनाचा. शाळेत मुलांचा गोळा ५-६ किलोचा असतो, इथे ७.२६ चा. शाळेतलं अंतर आठवून नाव दिलं तर दोन-अडीच मीटर कमी पडल्यावर धीर खचतो. मुलींचा गोळा ४ किलोचा, भाला मुलांचा ८०० ग्रॅम आणि मुलींचा ६००.

कागदपत्रांचं काम जुलै-ऑगस्टमध्येच सुरू करा. जिमखान्यात जाऊन शारीरिक शिक्षण संचालकांना, म्हणजे सगळे ज्यांना पी.डी. सर म्हणतात त्यांना, भेटा आणि कोणत्या प्रकारात उतरायचं आहे ते स्पष्ट सांगा. "कुठेही घाला सर" म्हटलं की १०० मीटरच्या यादीत नाव जातं. बहुतेक विद्यापीठांत कॉलेजला एका प्रकारात मोजकेच, बहुधा दोन, खेळाडू पाठवता येतात, म्हणून आधी कॉलेजची निवड चाचणी होते. पात्रता अर्जासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, चालू वर्षाची फीची पावती, ओळखपत्र आणि फोटो लागतात. तिन्हीकडे नाव अक्षरशः एकसारखं आहे ना ते तपासा, अर्ज सगळ्यात जास्त अडतात ते इथेच. विभागीय, मग आंतरविभागीय, तिथून विद्यापीठाचा संघ आणि पुढे अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, अशी ही शिडी आहे. वरच्या पायरीला वयाची अट १७ ते २५, शिवाय विद्यार्थी पूर्णवेळ असावा लागतो. शिडीचं टोक कुठे जातं ते बघायचं तर नाशिकच्या संजीवनी जाधवचं नाव घ्या, २०१७ च्या तैपेईतल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवलं.

स्पर्धेच्या दिवशी गॅलरीत न दिसणारी जागा म्हणजे कॉल रूम. शर्यतीच्या साधारण अर्धा-पाऊण तास आधी तिथे हजेरी असते. नाव पुकारलं आणि तुम्ही वॉर्म-अपला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असलात तर संपलं, विनंत्या चालत नाहीत. वेळापत्रक नेहमी पुढेमागे होतं, तेव्हा एका मित्राला लाउडस्पीकरजवळ उभं करा. पिशवीत आठ सेफ्टी पिना ठेवा, चार पुढच्या क्रमांकाला आणि चार मागच्या. क्रमांक दुमडायचा नाही. स्पाईक्सचे खिळे सिंथेटिक ट्रॅकवर ९ मिलिमीटरहून लांब चालत नाहीत (उंच उडी आणि भाल्याला १२ पर्यंत). मातीच्या ट्रॅकवर मात्र ६ मिलिमीटरचे खिळे घसरतात. ट्रॅक कसला आहे ते आधी विचारा आणि दोन्ही संच पान्यासकट बरोबर ठेवा. नवे स्पाईक्स घालून थेट शर्यतीला जाऊ नका. आधी सहा आठवडे, आठवड्यातून एकदाच, शेवटच्या दोन-तीन धावांपुरते घाला. नाहीतर नडगीच्या आतल्या बाजूला दुखणं सुरू होतं आणि ते महिनाभर जात नाही.

चुकीच्या सुरुवातीला माफी नाही, एकदा हललात की बाहेर. "सेट" म्हटल्यावर आवाजाचा अंदाज बांधू नका, फक्त पहिल्या पावलाचा विचार करा. लांब उडीत पहिल्या तीनच उड्या हातात असतात, पुढच्या तीन फक्त पहिल्या आठांना. म्हणून पहिल्या उडीला धावेची खूण १५-२० सेंटीमीटर मागे घ्या आणि एक मोजलेली उडी खात्यात टाका. वारा पाठीमागून असेल तर पावलं आपोआप लांबतात, मग खूण आणखी मागे.

५००० मीटरला उतरत असाल तर एक हिशेब तोंडपाठ हवा. १८ मिनिटांसाठी दर फेरी ८६.४ सेकंद, अशा साडेबारा फेऱ्या. वळणावर दुसऱ्या लेनमधून धावलात तर दर फेरीला साडेसात मीटरहून जास्त अंतर वाढतं, सगळी शर्यत तशी धावलात तर सुमारे ९५ मीटर, म्हणजे या वेगाने २० सेकंद. ओलांडायचं ते सरळ पट्ट्यात, वळणावर पहिल्या लेनला चिकटून राहायचं. गॅलरीतून वळणावरचं ओलांडणं फार देखणं दिसतं, पण त्याची किंमत पायांना मोजावी लागते.

पोहे किंवा उपमा शर्यतीच्या तीन तास आधी. हीट आणि अंतिम फेरीच्या मध्ये केळं, चिक्की, पाणी. स्टेडियमबाहेरचा वडापाव सगळं आटोपल्यावर. कुणी "ताकदीचं" इंजेक्शन किंवा डब्यातली पावडर देऊ केली तर घेऊ नका. विद्यापीठ पातळीवरही नाडाची, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची, चाचणी होऊ शकते, आणि काय घेतलं ते माहीत नव्हतं हे कारण चालत नाही.

शेवटचं काम तुमच्यासारख्याच एखाद्या चाहत्या मित्राला द्या. त्याला शेवटच्या रेषेवर उभं करू नका, तिथून फक्त कोण जिंकलं ते कळतं. ४०० मीटरला शेवटच्या ५० मीटरच्या खुणेसमोर, ट्रॅकला काटकोनात, कमरेइतक्या उंचीवर मोबाइल स्थिर धरून चित्रीकरण करायला सांगा. घरी आल्यावर ते सावकाश चालवून पाय शरीराच्या किती पुढे पडतोय आणि गुडघा कुठपर्यंत वर येतोय ते बघा, आणि पहिल्या १०० मीटरचं तसंच चित्रीकरण शेजारी ठेवा.