२००९ च्या वॅगनआरमागे कूलरची ट्रॉली: हुक लावावा की नाही

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात सक्करदऱ्याच्या भाऊंकडे २००९ ची पेट्रोल वॅगनआर आहे, जुनी ११०० सीसीवाली. उन्हाळ्यात ते कूलर दुरुस्त करतात, काही भाड्यानेही देतात. मागची सीट पाडली तरी एका खेपेत एकच मोठा कूलर जातो, म्हणून मागे हुक लावून दोन चाकांची छोटी ट्रॉली ओढायचा विचार आहे. ओळखीचा वेल्डिंगवाला म्हणतो, बंपरखाली अँगल मारतो, तासाभराचं काम आहे. मारू द्यावा का?

त्याला मारू देऊ नका. हुक नीट लावता येतो, पण तो तासाभरात होत नाही आणि बंपरखाली तर होतच नाही. त्याआधी कागदांचं पाहा, कारण तिथेच अडलं तर खालचं सगळं वाचायची गरज नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हे स्वतःच मोटार वाहन आहे. म्हणजे त्याची नोंदणी वेगळी, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर दिसला पाहिजे, हे कलम ६१ मध्ये आहे. हिंगण्याच्या एमआयडीसीत कोणीही फॅब्रिकेटर तुम्हाला दोन दिवसांत सुंदर ट्रॉली बांधून देईल. पण नोंदणीला मान्यतेचे कागद लागतात आणि ते त्याच्याकडे नसतात. दुसरं कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. शिवाय तुमची गाडी २००९ ची, म्हणजे पंधरा वर्षं संपली. री-पासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) झालं असेल किंवा करायचं असेल. पुढे दर पाच वर्षांनी ती पुन्हा तपासणीला उभी राहणार आणि तपासणारा मागून वाकून बघणारच. म्हणून एमएच ३१ असो की ४९, आपल्या आरटीओत आधी लेखी अर्ज द्या: हिच (म्हणजे हा हुक आणि त्याची फ्रेम) आणि ट्रेलर, दोन्हींबद्दल. विमा कंपनीलाही ईमेल टाका. पांढऱ्या पाटीची म्हणजे खाजगी गाडी, मागे धंद्याचा माल आणि कंपनीला न कळवलेला बदल हे तिन्ही एकत्र आले तर क्लेमच्या वेळी भांडायला जागाच उरत नाही. गाडीचं मॅन्युअलही उघडा. त्यात ट्रेलर ओढू नका असं छापलं असेल तर माझ्या सांगण्यापेक्षा ते मोठं.

कागद जमत असतील तर पुढे वाचा.

गाडी ओढेल का, हे सगळे पहिले विचारतात. ओढते ना भाऊ. १०६१ सीसीचं ते इंजिन ८४ न्यूटन-मीटर टॉर्क देतं आणि आपलं नागपूर बव्हंशी सपाट आहे. प्रश्न थांबण्याचा आहे. गाडी अंदाजे सव्वाआठशे किलोची (नेमका आकडा आरसीवर अनलेडन वेटसमोर पाहा), तुम्ही आणि मदतीचा पोऱ्या मिळून दीडशे. मागे अडीचशे किलोची बिनब्रेकची ट्रॉली जोडली की ब्रेकला पाव पट जास्त काम. त्यात वेग ४० वरून ६० वर नेला तर तेच काम सव्वादोन पट होतं, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढतं. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरला गाडीच्या वजनाच्या निम्मं किंवा ७५० किलो, यातलं जे कमी असेल ती मर्यादा आहे. त्या हिशोबाने तुमचे चारशे होतात. पण ती मर्यादा ओढण्यासाठी मंजूर असलेल्या गाड्यांची आहे. पंधरा वर्षांच्या वॅगनआरला मी ट्रॉलीसकट अडीचशेच्या वर जाऊ देणार नाही. ट्रॉली शंभर-सव्वाशे, पत्र्याचा मोठा कूलर कोरडा तीसेक किलो धरला तर एका खेपेला चार कूलर. यात तुमचा धंदा बसत नसेल तर आत्ताच थांबा. बसत असेल तर आधी पुढचे पॅड, मागचे ड्रम-शू बघून घ्या आणि ब्रेक ऑइल बदला. ते हवेतली ओल ओढत राहतं, दोन वर्षांत बदलायला हवं, आणि जुन्या गाड्यांत ते कोणी बदलत नाही.

आता मुद्द्याचं. ट्रकला किंवा जीपला खाली शिडीसारखी वेगळी चेसी असते. वॅगनआरला नाही. तिची बॉडी हीच चेसी. मागच्या फ्लोरखाली डाव्या-उजव्या बाजूला पत्रा वाकवून केलेले दोन चौकोनी पोकळ मेंबर मागे बंपरपर्यंत येतात. भार घ्यायला मागे तेवढेच. बंपर प्लास्टिकचा, त्याच्या आतली पट्टी धक्का सोसायला आहे, रोज ओढायला नाही. गाडी अडकली की दोरी बांधायला खाली जी कडी असते तीही सरळ ओढीसाठी आहे, वरून येणाऱ्या वजनासाठी नाही. आणि बाजारात मिळणारा तो चकचकीत मागचा गार्ड, ज्याला लोक हुक टांगतात, त्यावर तर बोलायलाच नको.

सगळ्यात आधी डिक्कीचं मॅट उचला, स्टेपनी काढा. तुमच्या बाबतीत मला मुख्य भीती इथे आहे. कूलर कितीही रिकामा केला तरी टाकीत दोन-तीन लोटे पाणी राहतंच, आणि बोअरचं खारं पाणी वर्षानुवर्षं डिक्कीत सांडत असेल तर पत्रा वरून रंगलेला आणि आतून सडलेला निघतो. पेचकसाच्या मुठीने ठोकत जा. आवाज बदलला किंवा पापुद्रे सुटले तर हुकाचा विषय बंद करून डेंटरकडे जा. डिक्कीत गॅस किटची टाकी असेल तरीही विषय बंद. टाकीने आधीच मागचं वजन खाल्लेलं असतं आणि तिच्या बोल्टांच्या आसपास ड्रिल चालवण्यात शहाणपण नाही.

पत्रा चांगला असेल तर फ्रेम अशी करून घ्या. दोन्ही मेंबरांना खालून लागून जातील अशा दोन लांब पट्ट्या, निदान एक फूट तरी पुढे गेलेल्या, आणि त्यांना मागून जोडणारा एक आडवा चौकोनी पाईप. वेल्डिंग करायचं ते या फ्रेमचं, टेबलावर, गाडीपासून दूर. गाडीला ती बोल्टनेच बसवायची. कारण गाडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. त्यावर जाड अँगल वेल्ड केला की शिवणीच्या कडेला तो जळून कमजोर होतो, आतला रंग जातो, गंज तिथूनच सुरू होतो आणि एक दिवस वेल्ड शाबूत राहून पत्राच फाटून येतो. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली आहे हे वेगळं सांगायला नको.

बोल्ट प्रत्येक बाजूला तीन, एम १२, डोक्यावर ८.८ (मजबुतीचा दर्जा) ठोकलेले. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळतात ते नको. पोकळ मेंबरमधून आरपार बोल्ट घालून कसला की मेंबर चेपतो, म्हणून आत बोल्टाभोवती बुश म्हणजे पाईपचा तुकडा घालायचा आणि डिक्कीच्या आतून, वायसरऐवजी, ४-५ मिमी जाड मोठी प्लेट द्यायची. कारागीर नेमकं हेच टाळतो कारण यातच वेळ जातो. तुम्ही उभे राहून करून घ्या. भोकाच्या कडा घासून रेड ऑक्साइड नाही तर झिंक प्रायमर, मग नायलॉक (आपोआप न सुटणारे) नट, आणि टॉर्क रेंचने ८० न्यूटन-मीटरच्या आसपास. टॉर्क रेंच नसलेल्याकडे हे काम देऊच नका. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, पत्रा आणि रंग दबून बोल्ट थोडे ढिले होतातच.

जोडाबद्दल. आपल्याकडचे फॅब्रिकेटर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तयार झालेले, त्यामुळे ते हमखास दोन पट्ट्या आणि मधे खिळ असा जोड देतात. वावरात ठीक आहे. रस्त्यावर प्रत्येक ब्रेकला तो खडखडतो, त्या प्रत्येक झटक्याने तुमचे बोल्ट मार खातात, आणि एक चाक खड्ड्यात गेलं तर ट्रॉलीला पीळ घ्यायला जागा मिळत नाही. गोळ्याचाच जोड घ्या. ५० मिमीचा बॉल ही युरोपी पद्धत. ऑनलाइन मिळणारा दोन इंची म्हणजे ५०.८ मिमी. फरक एका मिलिमीटरहून कमी, पण ट्रॉलीच्या तोंडाच्या दोन इंची वाटीत (कपमध्ये) ५० चा बॉल सैल बसतो आणि उसळीला सुटू शकतो. दोन्ही वस्तू एकाच मापाच्या, छाप पाहून घ्या. बॉलच्या मध्याची उंची भरलेल्या गाडीत जमिनीपासून ३५० ते ४२० मिमी. त्याहून खाली गेला तर आपल्या गल्ल्यांतले स्पीडब्रेकर तो रोज खरवडतील.

बॉलवर किती वजन टेकवायचं? एकूण अडीचशेला पंचवीस-तीस किलो. हे सी-सॉसारखं काम करतं: वॅगनआरचा व्हीलबेस २३६० मिमी, बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे ७०० धरला, तर बॉलवरचे ३० किलो मागच्या चाकांवर ३९ होऊन पडतात आणि पुढच्या चाकांवरून ९ उचलले जातात. ओढणारी आणि वळवणारी चाकं पुढचीच, म्हणून उगाच जास्त नको. पण कमीही नको. मागे जड झालेली ट्रॉली साठच्या वेगाला शेपूट हलवायला लागते. मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. त्यावर बॉलच्या उंचीचा लाकडी ठोकळा ठेवून भरलेल्या ट्रॉलीचं तोंड टेकवा, ट्रॉली सपाट असताना.

साखळ्या दोन हव्यात. जोडाखालून एकमेकींना ओलांडून न्या आणि फ्रेमच्याच कड्यांत अडकवा. जोड सुटला तर तोंड रस्त्यात न रुतता साखळीवर पडतं.

वायरिंगला मात्र जुनी गाडी वरदान आहे. नव्या गाड्यांत मागच्या दिव्याला हात लावला की डॅशबोर्डवर तक्रारी सुरू. तुमच्यात साधा तांब्याचा धागा आणि बल्ब. सात पिनी सॉकेट घ्या. प्रचलित क्रम: पिवळी डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, पांढरी अर्थ, लाल ब्रेक, तपकिरी उजवा टेललॅम्प, काळी डावा, निळी मागच्या फॉगची, ती मोकळी राहू द्या. ट्रॉलीला एलईडी दिवेच लावा. २१ वॅटचे बल्ब जोडले तर जुन्या फ्लॅशरचा (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या रिलेचा) ताल बिघडतो आणि तो जादा भार झेपेल अशी वायर मारुतीने दिलेली नाही. बॅटरीतून फ्यूज टाकून वेगळी लाईन आणि रिले घातले तर उत्तम. अर्थ मात्र स्वतंत्र वायरनेच द्या. बॉलमधून अर्थ मिळतो म्हणणाऱ्याची पहिल्याच पावसात फजिती होते. मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा, कामठी रोडला रात्री ट्रकवाल्याला तुमची बुटकी ट्रॉली दिसलीच पाहिजे.

कूलर भरताना टाकी पूर्ण कोरडी. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो, तेही हलणारं. मोटर-पंख्याची बाजू पुढे. वुडवूलच्या जाळ्या काढून गाडीत घ्या, नाही तर रस्ताभर गवत उडेल. कूलर वजनाला हलका पण वाऱ्याला भिंत असतो, म्हणून आउटर रिंगरोडवर शेजारून ट्रक गेला की धक्का जाणवेल. ट्रॉली डुलायला लागली तर ब्रेक मारू नका, स्टेअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटर सोडा. पन्नासच्या वर जायचं कारणच नाही. आणि मे महिन्यात ४५ अंशांत दुपारी उड्डाणपुलाच्या चढावर जाममध्ये अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवू नका, हँडब्रेक ओढा. तिथे क्लच जळतो आणि इंजिनच्या तापमानाचा काटाही लालकडे जातो.

एवढं सगळं करून चार कूलर. माझं स्पष्ट मत: हंगामात आठवड्यातून एखाद-दोन वेळाच जास्त माल असेल तर कळमन्याकडून नाही तर वाडीकडून एखादा छोटा हत्ती (टाटा एससारखा छोटा टेम्पो) सांगा, दहा कूलर एका खेपेत जातात आणि कागद त्याचे पक्के असतात. रोज दोन-दोन, चार-चार पोचवायचे असतील, आरटीओने लेखी हो म्हटलं असेल, तरच हिचचा खटाटोप करा. तसं ठरलं तर गाडी लिफ्टवर घेऊन मागच्या दोन्ही मेंबरांचे फोटो टाका, सायलेन्सर दिसेल असे. वॅगनआरमध्ये एका बाजूची पट्टी सायलेन्सरला वळसा घालून न्यावी लागते. बोल्टांची भोकं कुठे घ्यायची ते फोटो पाहून सांगतो.