प्रश्न घेऊन त्याच्याकडेच जा

प्रभूमध्ये प्रिय,

सलाम. तुझं पत्र मिळालं. शेवटी तू माफी मागितली आहेस, 'असले विचार मनात यायला नको होते' म्हणून. ती माफी मला नको. देवालाही ती हवी असेल असं वाटत नाही.

प्रार्थनेला बसल्यावर काही जाणवत नाही, पवित्र शास्त्र उघडलं की डोळे ओळींवरून नुसते फिरतात, उपासनेत सगळे डोळे मिटून गात असताना आपण तेवढे ढोंगी आहोत असं वाटतं, आणि म्हणून तुझा विश्वास संपला आहे, असं तू लिहितोस. मला हे पटत नाही. ज्याचा विश्वास खरोखर संपलेला असतो तो एवढं लांब पत्र लिहीत बसत नाही. त्याला या विषयाचाच कंटाळा आलेला असतो. तुला राग आलाय, आणि राग कोणावर तरी येतो.

विश्वास म्हणजे ऊर भरून येणं, डोळ्यांत पाणी येणं, ही समजूत आपल्या सभा-संमेलनांनी करून दिली आहे. भावना चांगल्याच असतात, आल्या तर आभार मान. पण त्यांच्यावर विश्वासाचं मोजमाप करायला लागलास की बाप्तिस्मा करणाऱ्या योहानालासुद्धा नापास करावं लागेल. यार्देन नदीकाठी ज्यानं येशूकडे बोट दाखवून 'हा पाहा, देवाचा कोकरा' असं सांगितलं, तोच माणूस पुढे हेरोद राजाच्या तुरुंगात पडला आणि तिथून त्यानं शिष्यांबरोबर निरोप पाठवला, की जे येणार आहेत ते आपणच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात हे आहे. प्रश्न केवढा धारदार आहे बघ. येशू त्यावर चिडला नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, दीनांना सुवार्ता सांगितली जाते, हे योहानाला जाऊन सांगा, एवढंच तो म्हणाला. निरोप आणणारे परत निघाल्यावर लोकांसमोर त्यानं काय सांगितलं? स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी झाला नाही. शंका विचारणाऱ्याची ही पाठराखण आहे, आणि तीही त्याच्या पाठीमागे.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण ती लपवली तर मी तुझ्याशी खोटं बोललो असं होईल. योहान तुरुंगातून सुटला नाही. त्याचा शिरच्छेद झाला. येशूनं त्याला उत्तर दिलं, पण सुटका दिली नाही. तुझ्या घरच्या आजारपणात तू रात्र रात्र केलेल्या प्रार्थनेचं काय झालं, हे तू विचारलं आहेस. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे अशी उत्तरं तयार असतात त्यांच्यापासून जरा लांब राहा, एवढं मात्र सांगेन. सगळं काही गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोपर्यंत ते चांगले मित्र होते. तोंड उघडल्यावर घोटाळा झाला. आणि शेवटी देवाचा कोप कोणावर झाला? देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे, देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या त्या मित्रांवर.

प्रार्थनेत काय बोलावं ते सुचत नाही म्हणालास ना? मग स्वतःचे शब्द शोधणं काही दिवस सोडून दे. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, आणि त्यांतला जवळजवळ तिसरा हिस्सा रडगाण्यांचा, तक्रारींचा आहे. आपण मात्र मंडळीत तेविसावं आणि एकशे एकविसावंच पुन्हा पुन्हा म्हणतो. तेरावं काढ. 'हे परमेश्वरा, तू कोठवर मला विसरणार?' असं ते सुरू होतं, आणि पहिल्या दोन वचनांतच 'कोठवर' चार वेळा येतं. अठ्ठ्याऐंशीवं तर त्याहून कडवट. बहुतेक विलापगीतं शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात, हे वळतच नाही, काळोखापाशी येऊन थांबतं. तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलं गेलं. का ठेवलं असेल? मला वाटतं, इतक्या अंधारातूनही माणूस 'हे परमेश्वरा, माझ्या उद्धारक देवा' अशी हाक मारतो आहे, म्हणून. तुझ्या तोंडून तेवढी हाक निघाली तरी त्या दिवसाची प्रार्थना झाली. आणि तीही निघाली नाही, तर प्रेषित पौल रोमकरांस पत्रात लिहितो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो. या वचनाचा आधार मी फार घेतो.

कोरडेपणा हा पापाचा पुरावा असतो, असं तुला कोणीतरी सांगितलेलं दिसतं. कधी कधी असतोही. माणसानं स्वतःला विचारून पाहावं, आणि काही सापडलं तर कबूल करून मोकळं व्हावं. पण तो नियम नव्हे. मदर तेरेसा १९९७ मध्ये वारल्या आणि २००७ मध्ये त्यांची खाजगी पत्रं छापली गेली, तेव्हा जगाला कळलं की त्यांनी अनेक दशकं आतून असाच अंधार सोसला होता. त्या काळात त्यांनी ना प्रार्थना सोडली, ना मरणाऱ्यांची सेवा.

आता त्या वचनाबद्दल, जे तुझ्या खोलीत टांगलेलं आहे आणि ज्याच्याकडे बघून तुला चीड येते. यिर्मया २९:११. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं ते वचन. चीड येते, कारण ते अर्धंच टांगलेलं आहे. हे यिर्मया संदेष्ट्यानं बाबेलमध्ये कैद होऊन गेलेल्या लोकांना पाठवलेलं पत्र आहे. त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगतो की दोन वर्षांत सगळं परत मिळेल, आणि तो खोटा ठरतो. यिर्मया लिहितो, सत्तर वर्षं लागतील. घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. म्हणजे ज्यांनी हे पत्र ऐकलं त्यांतल्या पुष्कळांना परतीची वाट दिसलीसुद्धा नसेल. हिताचा संकल्प त्यांच्यासाठीही होताच. तो त्यांनी परक्या शहरात रोजची कामं करत जगून दाखवायचा होता. असं वाचलं की त्या वचनाला वजन येतं, आणि ते नुसती गोड शुभेच्छा राहत नाही.

फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातल्या 'मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे' या वचनाचंही आपण असंच केलं आहे. परीक्षा, स्पर्धा, बढती, सगळीकडे ते चिकटवतो. पौल बंदिवासातून लिहितो आहे, आणि लगेच आधीच्या वचनात म्हणतो की उपाशी राहणं आणि तृप्त असणं, विपुलता आणि टंचाई, दोन्ही मी शिकलो आहे. ते सामर्थ्य टंचाईतही टिकून राहण्याचं आहे. विश्वास ठेवा म्हणजे पैसा येईल, आजार पळेल, असा उपदेश करणाऱ्यांना हे आधीचं वचन कधी दिसतच नाही की काय, कोण जाणे. मी त्याला सुवार्ता मानत नाही. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासानं सिंहांची तोंडं बंद करणारे आहेत आणि करवतीनं चिरले गेलेलेही आहेत, आणि दोघेही एकाच यादीत आहेत.

तू सरळ विचारलंस, की तुमचा देव नेमका कसा आहे? मी येशूकडे बघून उत्तर देतो. दुसरा मार्ग मला ठाऊक नाही. 'ज्याने मला पाहिले आहे त्याने पित्याला पाहिले आहे,' असं त्यानं फिलिप्प या शिष्याला सांगितलं. म्हणून माझा देव कुष्ठरोग्याला आधी हात लावतो आणि मग बरं करतो. मेलेल्या लाजराला उठवायला आलेला असूनही कबरेकडे जाताना रडतो. आणि वधस्तंभावर तो बाविसाव्या स्तोत्राचे शब्द ओरडतो, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? तुझा 'का' हा देवाच्या पुत्राच्या तोंडून आधीच निघून गेलेला आहे. तिसऱ्या दिवशी तो उठला, यावर माझा विश्वास आहे, आणि बाकीचं सगळं मी त्या एका गोष्टीवर तोलून धरलं आहे. ती खोटी असेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे, हे पौलानंच करिंथकरांस लिहून ठेवलं आहे. इतकं स्पष्ट लिहिणाऱ्या माणसाला प्रश्नांची भीती नसावी.

तू लहानपणापासून मंडळीत वाढलेला, म्हणून आणखी एक. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला, बापाची संपत्ती उधळून परत आलेला धाकटा मुलगा सगळ्यांना पाठ असतो. तू मोठ्याची गोष्ट वाच. तो कधी घर सोडून गेला नाही, आणि तरी बापाला म्हणतो, मी इतकी वर्षं तुमची चाकरी करतो आहे. चाकरी! मुलगा असून हिशेब नोकराचा. इतके उपास केले, इतक्या रविवारी गायनवृंदात उभा राहिलो, मग माझीच प्रार्थना का ऐकली नाही, या तुझ्या ओळीत मला तोच आवाज ऐकू आला. रागावू नकोस. त्या मोठ्यासाठीसुद्धा बाप मेजवानी सोडून बाहेर आला आणि त्याची समजूत घालत उभा राहिला. तो शेवटी आत गेला की नाही, हे येशूनं सांगितलेलंच नाही.

झोपेचं काय चाललं आहे ते मात्र तू नीट लिहिलं नाहीस. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवून एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीनं पळाला आणि रतामाच्या झाडाखाली बसून मरण मागू लागला. देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं होरेब डोंगरावर, नंतर. तेव्हा आधी वेळेवर जेव आणि झोप. आणि मरणाचे विचार मनात येत असतील तर आजच घरच्यांना सांग आणि डॉक्टरांकडे जा. नुसतीच झोप आणि भूक गेली असेल, तरीही जा. त्यात अविश्वास नाही. पौलाच्या सोबत फिरणारा लूक वैद्यच होता.

मंडळीतल्या लोकांबद्दल तू लिहिलेलं बरंचसं खरं असेल. तरी रविवारी जात राहा, मागच्या बाकावर बस, गावंसं वाटलं नाही तर गाऊ नकोस. येशू उठला हे बाकीच्या शिष्यांचं म्हणणं मान्य न करता थोमा आठ दिवस त्यांच्यातच राहिला होता, म्हणून येशू आला तेव्हा तो तिथे सापडला. प्रभुभोजन घ्यायला आपण लायक नाही म्हणून ते टाळू नकोस. लायकीवर ते कोणालाच मिळालं नसतं. मात्र ज्या माणसाशी तुझं बोलणं बंद आहे, त्याच्याकडे आधी जा. आधी भावाशी समेट कर, मग अर्पण वाहा, असं सांगणारा मत्तयाचा पाचवा अध्याय याबाबतीत अगदी कडक आहे, आणि तिथे मी तुला सवलत देऊ शकत नाही.

राहिला दोन नोकऱ्यांपैकी कोणती घ्यायची हा निर्णय. देवाची इच्छा कुठेतरी लपवून ठेवलेली आहे आणि ती चुकली तर आयुष्य वाया, असं समजून तू महिनाभर खुणा शोधत बसला आहेस. न्यायानं वागावं, दयेची आवड धरावी, देवासमोर नम्रतेनं चालावं, हे मीखा संदेष्ट्यानं उघड सांगितलं आहे, आणि ते दोन्ही ठिकाणी करता येईल. दोन्ही कामांत खोटं बोलावं लागणार नाही ना, आई-वडिलांकडे बघता येईल ना, एवढं तपास, जाणत्या माणसांशी बोल, प्रार्थना कर आणि ठरव. मला विचारशील तर पगार कमी असला तरी मला पहिली जागा तुझ्यासाठी बरी वाटते, कारण तिथली माणसं तुला ओळखतात. पण हे माझं मत झालं, वचन नव्हे. शुक्रवारपर्यंत त्यांना कळवायचं आहे ना? कळव, आणि मलाही दोन ओळी टाक.

प्रभूमध्ये तुझा,
काका