चालतंय ते बदलावं का? संगणकाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझं सेवा केंद्र आहे. संगणक आय३-४१५०, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटं जातात आणि लोक खोळंबतात. दुकानदार म्हणतो, नवाच घ्या. काय करावं?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आधी मशीन कशावर अडतंय ते पाहा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कचा आकडा सतत १०० टक्के आणि प्रोसेसर मात्र २०-३० वरच असेल, तर दोष हार्ड डिस्कचा. फिरत्या तबकडीवर प्रत्येक बारीक फाइल शोधायला तिचं हेड मागेपुढे हलतं. एसएसडीत (चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये) हलणारा भागच नसतो. २५६ जीबीची अडीच इंची साटा (डिस्क जोडण्याचा एक प्रकार) एसएसडी बसवा. डेस्कटॉपला सोबत साटा केबल आणि ती साडेतीन इंची खणात बसवायची पट्टी लागेल, दोन्ही वेगळ्या मागून घ्या.

विंडोज टाकताना जुनी हार्ड डिस्क काढून ठेवा. ती जोडलेली राहिली तर सुरू होण्याच्या फाइली कधीकधी तिच्यावरच जातात आणि पुढे ती काढली की मशीन उठत नाही. अंगठ्याच्या यंत्राचा ड्रायव्हर, त्याची आरडी सर्व्हिस (अंगठ्याचा ठसा आधार तपासणीला पाठवणारं सॉफ्टवेअर) आणि डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागेल. सही टोकनमध्ये असते, ती जात नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड मात्र आधी उतरवून घ्या. जुनी डिस्क महिनाभर तशीच जपून ठेवा.

तरीही हे मशीन या कामावर फार दिवस ठेवू नका. विंडोज १० चे नियमित मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षा चिप) लागतो, तुमचा चौथ्या पिढीचा आहे (४१५० मधला पहिला आकडा). अटी चुकवून ११ टाकता येतं, पण जिथे लोकांचे अंगठे आणि बँकेचे पैसे जातात, तिथे असा जुगाड आमच्या मते करूच नये. म्हणून एसएसडी आज घ्या, रॅमवर खर्च करू नका. एसएसडी पुढच्या मशीनमध्ये जाईल. तुमची डीडीआर३ रॅम मात्र त्या मशीनमधल्या डीडीआर४ च्या खाचेत बसतच नाही. नंतर आठव्या पिढीचं, कार्यालयातून निघालेलं जुनं मशीन पाहा. पैसे देण्याआधी विंडोज-आर दाबून टीपीएम डॉट एमएससी (tpm.msc) चालवा आणि आवृत्ती २.० दिसते का ते तपासा.

प्रश्न : मोंढ्यात आमची आडत आहे. हिशेब आणि पट्ट्या (मालाच्या विक्रीच्या पावत्या) विंडोज एक्सपीवर, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघतात. एकदाही अडलेलं नाही. मुलगा म्हणतो, बदला.
– एक वाचक, लातूर

उत्तर : बदलू नका, पण आज आहे तसंही ठेवू नका. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच संपले, म्हणून या मशीनला नेट जोडायचं नाही. मेल आणि बँक दुसऱ्या मशीनवर. तुमचा खरा धोका जुनी हार्ड डिस्क आहे. ती काढून यूएसबी-आयडीई जोडणीने (आयडीई म्हणजे डिस्क जोडण्याचा जुना प्रकार) दुसऱ्या संगणकाला लावा आणि क्लोनझिला या मोफत सॉफ्टवेअरने तिची पूर्ण प्रतिमा (हुबेहूब नक्कल) घ्या. हिशेबाचा फोल्डर रोज पेन ड्राइव्हवर, दोन ड्राइव्ह आलटून पालटून. ते याच कामाला, दुसरीकडे लावू नका.

सोयाबीन-तुरीच्या हंगामात मोंढ्यातली धूळ आत जाते आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. वर्षातून दोनदा ब्लोअरने साफ करा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून. मोकळं भिरभिरलं तर बेअरिंग खराब होतं. मदरबोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे, १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे (आतला विद्युतरोध कमी असलेले) बसवून घ्या. रोज सकाळी तारीख मागे जात असेल तर सीआर२०३२ सेल संपलाय. पट्टीवर चुकीची तारीख पडण्याआधी बदला. यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएच बॅटरी उष्णतेत दोन-तीन वर्षंच टिकते. पट्टी निघताना लाइट गेली की फाइल बिघडते, म्हणून तिथे काटकसर नको.

प्रश्न : शाळेत २ जीबी रॅमचे दहा संगणक धूळ खात पडलेत. भंगारात द्यावेत का?
– एक शिक्षक, हिंगोली

उत्तर : अजिबात नाही. प्रोसेसर ६४-बिट असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चालेल. मराठी टंकलेखन, लिबरऑफिस (कागदपत्रं आणि तक्ते), जीकॉम्प्रिस (मुलांचे शैक्षणिक खेळ) एवढं नीट होतं. ब्राउझरमध्ये चार-पाच टॅब उघडले की मात्र २ जीबी संपते. आधी एकावर टाकून प्रिंटर आणि आवाज तपासा, मग बाकीच्यांवर. दहापैकी दोन बंद निघाले तर त्यांची रॅम काढून दुसऱ्यांना लावा. खाच आणि प्रकार सारखा असला म्हणजे झालं.