प्रोग्रेसिव्ह चष्मा लावला की जमीन वर आल्यासारखी वाटते. सवय होईल, की पैसे पाण्यात गेले?

तुम्ही लिहिलंय की वय 46, नांदेडला शाळेत नोकरी, चार दिवसांपूर्वी पहिल्यांदाच प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचं, मधलं आणि जवळचं एकाच काचेतून दाखवणारा बिनरेघेचा चष्मा घेतला. पायऱ्या उतरताना भीती वाटते, कडेचं सगळं पोहतंय आणि दुकानदार "होईल सवय" म्हणून फोन ठेवतो. त्यापेक्षा बायफोकल, म्हणजे मध्ये रेघ आणि लांबचा व जवळचा असे दोनच नंबर असलेला, घ्यावा का, असं विचारलंय.

मी डॉक्टर नाही, चष्मेवालाही नाही. लातूरच्या मार्केट यार्डात आडतीवर मुनीम आहे. पण "होईल सवय" हे वाक्य मी दोन दुकानांत ऐकलंय. एकदा ते खरं निघालं, एकदा साफ खोटं. कुठली तक्रार सवयीनं जाते आणि कुठली जात नाही, एवढं कळलं की तुमचा निम्मा प्रश्न सुटेल.

आमचं काम तीन अंतरांवरचं. तळहातावर सोयाबीनचा नमुना, गादीवर खतावणी आणि पलीकडं इलेक्ट्रॉनिक काट्याचा आकडा. चाळिशी लागल्यावर मी दोन चष्मे बाळगायचो. एक कपाळावर, एक खिशात, आणि ऐन वेळी नाकावर नेमका चुकीचा. नंतर दोन वर्षं बायफोकल वापरला. लांबचं दिसायचं, हातातला डागी दाणाही दिसायचा, पण हातभर अंतरावरचा काटा ना वरच्या काचेतून धड दिसायचा ना खालच्या. एकदा काट्यावरचा 4310 चा आकडा हिशेबाच्या पट्टीवर 4370 पडला आणि मालकानं सगळ्या हमालांसमोर माझा उद्धार केला. म्हणून प्रोग्रेसिव्ह घेतला. तुमचंही तेच आहे: फळा, पहिला बाक आणि हातातली वही. मधलं अंतर लागत असेल तर बायफोकलवर जाऊन फार काही हाती लागणार नाही.

हे काही नवं खूळही नाही. फ्रान्समध्ये बेर्नार मेतनाझ या इंजिनिअरच्या काचा 'वॅरिलक्स' नावानं 1959 सालीच बाजारात आल्या. वरून खाली नंबर हळूहळू बदलत जातो, मध्ये रेघ नसते. पण ती रेघ घालवायची किंमत काच कडेला वसूल करते. मधोमध एक अरुंद वाट स्वच्छ, तिच्या दोन्ही बाजूंना खाली थोडं वाकडंतिकडं. भारीतल्या काचेत ही वाट रुंद असते, पण कडेचा दोष पूर्ण जात नाही. जवळचा वाढीव नंबर, म्हणजे चिठ्ठीवरचं 'ॲडिशन', जितकं जास्त तितकं कडेचं पोहणं जास्त. म्हणून 46 व्या वर्षी सुरुवात केली हे बरंच झालं. साठीत पहिल्यांदा घेणाऱ्याला जास्त जड जातं.

आता माझी फजिती. पहिला प्रोग्रेसिव्ह घेतला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, ती बारीक फ्रेम बघा की, वय कमी दिसतंय." घेतली. दुकानातल्या पोरानं दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजलं, 64 मिलिमीटर, आणि सरळ निम्मं करून दोन्ही डोळ्यांना 32 लिहून टाकलं. बाहुली काचेत किती उंचीवर येते ते बघितलंच नाही. चष्मा आला. वाचायचा भाग फ्रेमच्या खालच्या कडेला कापला गेलेला. खतावणी वाचायला हनुवटी आभाळाकडं करायची, तेव्हा कुठं आकडा दिसायचा. हमाल विचारायचे, "मुनीमजी, वर काय बघायलात?" महिनाभर मान धरली. दुकानदार म्हणतोय सवय होईल, आणि मीही येडा, स्वतःलाच दोष देत बसलो.

दुसऱ्या दुकानातल्या बाईंनी आधी फ्रेम नाकावर नीट बसवली, पॅड दाबले, काड्या वाकवल्या. मग माझ्या समोर, डोळ्याला डोळा येईल अशा बसल्या आणि फ्रेममधल्या खोट्या काचेवर दोन्ही बाहुल्यांपाशी स्केचपेननं ठिपके दिले. उजवा नाकाच्या मधोमधपासून 31, डावा 33. ठिपक्यापासून काचेच्या तळापर्यंत 19. माझ्या जुन्या फ्रेममध्ये ते जेमतेम 13 भरत होतं! बऱ्याच काचांना ही उंची निदान 14 ते 18 मिलिमीटर लागते. काच साधारण आधीच्याच दर्जाची घेतली, फ्रेम तेवढी उंच. पहिल्या संध्याकाळीच खतावणी मान सरळ ठेवून वाचली.

कडेचं पोहणं मात्र याही चष्म्यात होतं, आणि ते दहा-बारा दिवसांत खरंच गेलं. म्हणजे गेलं नाही, डोक्यानं त्याच्याकडं बघायचं सोडून दिलं. त्यासाठी दोन गोष्टी पाळल्या. सकाळी तोंड धुतलं की हाच चष्मा, रात्री झोपेपर्यंत. मध्ये जुना लावायचा नाही. जुना लावला की गाडी परत पहिल्या स्टेशनावर. आणि नुसते डोळे फिरवायचे नाहीत, जिकडं बघायचं तिकडं नाक वळवायचं. वाचताना उलट: मान न झुकवता नजर खाली. पेपरच्या रुंद पानावर मात्र डोकं डावी-उजवीकडं न्यावं लागतं. पहिले काही दिवस स्कूटर घेऊ नका, आरशात बघताना फसगत होते.

पायऱ्यांची गंमत सांगतो. चष्मा घेऊन सहाव्या दिवशी तुळजापूरला गेलो. तिथं देवीकडं जायला पायऱ्या उतराव्या लागतात, वर मागून गर्दीचा रेटा. नजर खाली टाकली की वाचायच्या भागातून पायरी दिसते, म्हणजे पुसट आणि भलतीच जवळ. मी कठड्याला धरून उभा. शेवटी हनुवटी छातीला टेकवली, वरच्या भागातून पायरी बघितली, तर पायरी जागेवर. तेव्हापासून जिना आला की मान आपोआप खाली जाते. उशीवर पडून टीव्ही मात्र अजूनही दिसत नाही, त्याला इलाज नाही. तुम्हाला दिवसभर कॉम्प्युटर असेल तर त्याच्यासाठी वेगळा चष्मा परवडतो.

सवयीनं जात नाही ते हे: समोर सरळ बघताना लांबचं पुसट, एक डोळा झाकला की दुसऱ्यानं कमी दिसणं, एकाचे दोन दिसणं, वाचायला हनुवटी वर करावी लागणं. यातलं काही असेल तर थांबू नका. नंबर, माप किंवा बसवणं यातलं काहीतरी चुकलंय. कधीकधी नुसतं पॅड दाबून चष्मा दोन मिलिमीटर वर-खाली केला तरी भागतं. आणि शुगर असेल (मला आहे) तर ती वर-खाली होत असताना काढलेला नंबर पुढं बदलू शकतो. माझा एकदा असाच वाया गेला.

आज रात्री एवढं करा. चष्मा नेहमीसारखा लावून सरळ समोर बघा, आणि घरातल्या कुणाला तरी समोर त्याच उंचीवर बसवून दोन्ही बाहुल्यांपाशी काचेवर स्केचपेनचा ठिपका द्यायला सांगा. कंपासपेटीतल्या पट्टीनं ठिपक्यापासून काचेच्या तळापर्यंत मोजा. मग काच ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. प्रत्येक काचेवर 34 मिलिमीटर अंतरावर दोन बारीक कोरीव खुणा असतात आणि कानाकडच्या खुणेखाली ॲडिशनचा आकडा. तो चिठ्ठीशी जुळतो का आणि दोन्ही काचांच्या खुणा एका रेषेत आहेत का, ते बघा. नाही जुळलं तर चिठ्ठी घेऊन दुकानात जा. पुष्कळ कंपन्या ठराविक मुदतीत काच बदलून देतात, तर ती मुदत किती आहे ते आधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

किती मिलिमीटर भरलं ते इथंच खाली कळवा, मग पुढचं बोलू.