गिटार लॅपटॉपच्या माइक जॅकला लावून रेकॉर्ड करतोय, आवाज बारीक येतो आणि घरघर खूप, काय करू?

माइक जॅक सोडा, ऑडिओ इंटरफेस (गिटार-माइकचा आवाज यूएसबीने लॅपटॉपला देणारी छोटी पेटी) घ्या आणि त्यावरचं 'इन्स्ट' किंवा 'हाय-झी' बटण चालू करून गिटार त्यात लावा. कारण असं की पॅसिव्ह पिकअपला (गिटारमधला तारांचा कंप पकडणारा, बॅटरीशिवाय चालणारा भाग) पुढे साधारण १ मेगाओहमचा इनपुट लागतो, माइक जॅकचा असतो जेमतेम काही किलोओहम, मग पिकअपवर लोड येतो, आवाज पडतो, वरची धार जाते आणि तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये व्हॉल्यूम वाढवला की त्याच्यासोबत खरखरही वाढते. गिटारचा व्हॉल्यूम फुल ठेवा, इंटरफेसचा गेन (येणारा सिग्नल वाढवायचा नॉब) असा लावा की जोरात वाजवल्यावर मीटर -१२ डीबीच्या आसपास जाईल. घरघर राहिलीच तर आणखी खर्च करायच्या आधी हे बघा:

- लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर वाजवा, बऱ्याचदा घरघरीचं कारण तोच निघतो
- केबल बदला
- गिटारच्या तारांना हात लावल्यावर घरघर कमी होते का? मग वायरिंग-शील्डिंग तपासून घ्या

फक्त एक, सिंगल-कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप असेल तर ५० हर्ट्झची गुणगुण इंटरफेसनेही पूर्ण जाणार नाही, मॉनिटर आणि अ‍ॅडॅप्टरपासून लांब बसा, गिटार थोडी फिरवून बघा, एका कोनात ती खूप कमी होते.