ज्येष्ठाशेजारचे मंद तारे

प्रश्न : नमस्कार सर. माझ्याकडे आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे. उन्हाळ्यात ज्येष्ठा ताऱ्याशेजारचा एम ४ हा बंदिस्त तारकागुच्छ (ताऱ्यांचा दाट गोळा) पाहिला. थोडे तारे सुटे दिसले, बाकी नुसतं धुरकट. हबल अवकाश दुर्बिणीने याच गुच्छातले ३०व्या प्रतीच्या आसपासचे तारे टिपले असं वाचलं. म्हणजे कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवला, एवढंच ना? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : वेळ तर लागलाच. २००१ साली ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे हार्वी रिचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६७ दिवसांच्या काळात सगळं मिळून सुमारे आठ दिवस हबल एम ४ कडे रोखली होती. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. नुसत्या डोळ्यांना कसाबसा दिसणारा तारा सहाव्या प्रतीचा. ३०व्या प्रतीचा त्याच्या ४०० कोटी पट मंद.

पण मंदपणापेक्षा शेजाऱ्यांचाच त्रास मोठा. तुम्हाला सुटे दिसले ते या गुच्छातले लाल राक्षसी तारे, साधारण ११व्या प्रतीचे. म्हणजे ज्यांना शोधायचंय त्यांच्या चार कोटी पट तेजस्वी! शटर तासन्‌तास उघडं ठेवलं, तर अशा ताऱ्यांच्या जागचे पिक्सेल भरून वाहू लागतात, उभ्या रेघा उमटतात आणि आजूबाजूचं सगळं वाया जातं. वैश्विक किरण डिटेक्टरवर आदळून खोटे ठिपके उठवतात ते वेगळंच. म्हणून थोड्या थोड्या वेळाची शेकडो छायाचित्रं घ्यायची, मधून मधून दुर्बीण किंचित सरकवायची आणि मग सगळी एकावर एक रचायची. जो ठिपका एकाच चित्रात आहे तो बाद. शिवाय रोख गुच्छाच्या गाभ्यावर नव्हता, बाहेरच्या विरळ भागावर होता. जमिनीवरून हे जमत नाही, कारण आपलं वातावरण तेजस्वी ताऱ्याचा उजेड पसरवून मंद शेजाऱ्यावर लोटतं.

एवढं करूनही प्रश्न उरतोच : दिसलेला ठिपका एम ४ चाच कशावरून? वृश्चिक राशीच्या त्या बाजूला आकाशगंगेचा मध्यभाग येतो. गुच्छाच्या मागे लांबचे तारे आहेत, त्यांच्याही मागे दीर्घिका. वारीच्या रस्त्यावर गर्दी सगळीच असते, पण दिंडीतले कोण आणि कडेला उभे बघे कोण, हे थोडा वेळ थांबलं की आपोआप कळतं. इथे तो ‘थोडा वेळ’ सहा वर्षांचा होता. त्याच भागाची हबलने १९९५ मध्ये घेतलेली छायाचित्रं होती. ती २००१ च्या चित्रांशी ताडली. गुच्छाचे तारे सगळे एका दिशेने सरकले होते. किती, तर कॅमेऱ्याच्या साधारण एका पिक्सेलएवढे. जे त्यांच्याबरोबर सरकले नाहीत ते वगळले. बातम्यांत ४०० कोटींचा आकडा झळकतो. मला विचाराल तर खरी कमाल या एका पिक्सेलची आहे.

हा खटाटोप श्वेतबटूंसाठी. इंधन संपलेला हा तारा फक्त निवत जातो, आणि निवण्याचा वेग गणिताने काढता येतो. त्यामुळे सर्वांत मंद श्वेतबटूवरून गुच्छाचं वय कळतं. एम ४ चं वय १२०० ते १३०० कोटी वर्षं निघालं. विश्वाचं १३८० कोटी आहे. पुढे २००५ मध्ये एनजीसी ६३९७ या गुच्छासाठी हबलच्या पृथ्वीभोवतीच्या १२६ प्रदक्षिणांचा वेळ दिला, तेव्हा तर श्वेतबटूंची यादी २८व्या प्रतीजवळ संपताना दिसली. सर्वांत थंड श्वेतबटू जास्त लाल दिसावेत ना? ते उलट निळसर होताना आढळले. वातावरण पुरेसं थंड झालं की त्यात हायड्रोजनचे रेणू जमतात आणि अवरक्त, म्हणजे तांबड्यापलीकडचा प्रकाश गिळतात. हे गणिताने आधीच सांगितलं होतं.

प्रश्न : जेम्स वेब अवकाश दुर्बिणीचा आरसा साडेसहा मीटरचा, हबलचा २.४ मीटरचा. मग या कामासाठी हबल आता हवीच कशाला? – बारावीतली विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : सूर्याच्या साधारण बाराव्या हिश्शाहून कमी वस्तुमान असलं तर गाभ्यात हायड्रोजन टिकून जळत नाही, तपकिरी बटू होतो. बंदिस्त गुच्छांतले असले थंड बटू शोधायला अवरक्तात पाहणारी वेबच हवी, यात वाद नाही. पण जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) प्रकाश वेबला दिसत नाही. आणि जुनी छायाचित्रं वेब कुठून आणणार? २०२४ मध्ये ओमेगा सेंटॉरी गुच्छाची हबलने २० वर्षांत घेतलेली ५०० हून जास्त छायाचित्रं तपासली गेली. गाभ्यात सात तारे इतक्या वेगाने धावताना सापडले की ते गुच्छातून केव्हाच निसटायला हवे होते. त्यांना धरून ठेवणारं कृष्णविवर किमान ८,२०० सूर्यांच्या वस्तुमानाचं असावं, असा निष्कर्ष निघाला. गंमत म्हणजे यातली बहुतेक छायाचित्रं ताऱ्यांचा अभ्यास करायला काढलेलीच नव्हती, हबलची उपकरणं नीट जुळवून घ्यायला काढली होती.