हेड उघडायचे ४८ हजार, की नव्या गाडीचं सात लाखांचं कर्ज?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राहायला मुलुंडला, ऑफिसला जाणं लोकलनेच. गाडी लागते ती शनिवार-रविवारी आणि गावी जायला. २०१४ ची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, ७२ हजार किलोमीटर झालेली. पावसाळा लागल्यापासून सिग्नलला इंजिन थरथरतं, चढावर झटके देतं, चेक इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजवाल्याने हेड (इंजिनचा वरचा भाग) उघडायचे ४८ हजार सांगितलेत. शोरूम आहे त्या स्थितीत सव्वा लाख देतंय आणि मिस्टर म्हणतात, सात लाखांचं कर्ज काढून नवीच घेऊ.

आज दोन्हीपैकी काहीच करू नका. आधी हजार-दीड हजार रुपये नुसत्या तपासणीवर घाला. ४८ हजारांचा आकडा कशावरून आला, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. बहुतेक तुम्हालाही कुणी सांगितलेलं नाही.

गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून त्यात नोंदलेले बिघाडाचे कोड लिहून मागा. पी०३०१ ते पी०३०४ पैकी काही आलं, तर शेवटचा आकडा मिसफायर होणाऱ्या, म्हणजे पेट्रोल नीट न जळणाऱ्या सिलिंडरचा. पी०३०० आला तर दोष एकाच सिलिंडरचा नाही. मग हवेची गळती, पेट्रोलचा दाब बघावा लागतो. समजा पी०३०२ आला आणि प्रत्येक सिलिंडरला वेगळी इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) आहे. दुसरी आणि तिसरी कॉइल अदलाबदल करून, कोड पुसून गाडी फिरवून आणायला सांगा. आता पी०३०३ आला तर कॉइल गेली. कोड जागचा हलला नाही तर हाच प्रयोग प्लगवर, मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा), मग कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. कम्प्रेशन कमी निघालं तरच हेडची भाषा. त्रास पावसात सुरू झालाय, म्हणून माझा पहिला संशय प्लगच्या खाचेत शिरलेल्या पाण्यावर आणि कॉइलवर. प्लग साधे निकेलचे असतील आणि कधीच बदलले नसतील, तर ७२ हजार किलोमीटर त्यांना फार झाले. कॉइल आणि चार प्लग मिळून साधारण पाच-सात हजारांत काम होतं. (कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुनी कॉइल स्वस्तात मिळेल. नका घेऊ.)

दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी उभीच ठेवा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन जळतं, तो तापून निकामी होतो आणि त्याचा खर्च कॉइलच्या कितीतरी पट. नेहमीच्या इन्शुरन्समध्ये झीज किंवा यांत्रिक बिघाड बसत नाही.

आता कर्ज. सात लाख, साडेनऊ टक्के, पाच वर्षं: हप्ता सुमारे १४,७०० आणि एकूण व्याज १ लाख ८२ हजार. तुमच्याकडे महिन्याला २२ हजार उरतात, त्यातले १२ हजार मुलीच्या कॉलेजच्या एसआयपीत जातात. म्हणजे हप्ता सुरू झाला की एसआयपीला ४,७०० ची कात्री. आठवड्यातून दोन दिवस चालणाऱ्या गाडीसाठी मला हे पटत नाही.

सोसायटीत अशीच, पण धड चालणारी गाडी १ लाख ९० हजारांना गेली असं तुम्हीच लिहिलंय. शोरूमने सगळ्यात वाईट बिघाड गृहीत धरून ६५ हजार कापलेत. तुमची मर्यादाही तीच: लेखी अंदाज ६५ हजारांच्या वर गेला तर आहे तशी विका. ४८ वरच थांबला तर दुरुस्त करणं १७ हजारांनी बरं. फक्त हेड उघडल्यावर बिल फुगतं, तेव्हा आकडा आधी कागदावर घ्या. विकलीत तर इन्शुरन्स कंपनीकडून नो क्लेम बोनसचं (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) पत्र मागून घ्या, तो बोनस गाडीचा नसून तुमचा असतो.

दुरुस्त झाली तर २०२९ पर्यंत नोंदणीची चिंता नाही. पुढे फेरनोंदणी, तपासणी आणि पर्यावरण कर आहेच. मिस्टरांना नवी हवीच असेल, तर एसआयपीनंतर उरणारे दहा हजार दोन वर्षं आरडीत टाका. अडीच लाखांच्या आसपास जमतील, कर्ज साडेचार लाखांवर येईल आणि याच दराने हप्ता ९,४५० च्या जवळपास बसेल. मुलीच्या पैशांना हात लावावा लागणार नाही.